कवटीचा पंचनामा

माझे सासरे तलाठी होते. निवृत्त होऊन त्यांना पुष्कळ वर्षं झाली, पण हे त्यांना अजून कुणी नीट कळवलेलं दिसत नाही. घरात कुकरची शिट्टी उडून छताला लागली तर आम्ही आधी गॅस बंद करतो. ते आधी शिट्टी कुठं पडली, कुणी पाहिली आणि त्या वेळी कोण कुठं उभं होतं, हे विचारतात. वाशी तालुक्यात त्यांची निम्मी नोकरी गेली. बांधावरून भांडणारे भाऊ, ढासळलेल्या विहिरी, जळालेल्या कडब्याच्या गंजी, सगळ्यांचे पंचनामे त्यांनी केले. त्यांच्या अक्षरात लिहिलेलं काहीही खरं वाटतं. आमच्या किराण्याची यादीसुद्धा कोर्टात टिकेल.

मी त्यांना मामा म्हणते. आमच्याकडं सासऱ्यांना मामाच म्हणतात. ते मला एरवी सूनबाई म्हणतात आणि टोमणा मारायचा असला की मॅडम. सूनबाईला ‘तू’ असतं, मॅडमना ‘तुम्ही’. मी धाराशिवच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते, म्हणून मॅडम. घरात झुरळ निघालं की “मॅडम, तुमचा विषय आलाय,” अशी हाक येते.

सासूबाई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. नवरा नांदेडला नोकरीला, मुलगी पुण्याला शिकायला. सासूबाई असताना आमच्या दोघांचं बोलणं त्यांच्यामार्फत चालायचं. त्या गेल्यावर लक्षात आलं की आम्हाला एकमेकांशी थेट बोलायची सवयच नाही. “चहा ठेवू?” “ठेव.” “भाजी कशाची करू?” “कशाची बी.” एवढ्यावर दिवस जायचा.

त्यात त्यांची साखर वाढली आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. ते रोज संध्याकाळी चालायला जात, म्हणजे बागेतल्या कट्ट्यापर्यंत. तिथं त्यांच्यासारखेच चारपाच निवृत्त लोक बसलेले असत, आणि चालणं तिथं संपे. दीड तासानं परत येऊन ते म्हणत, “दमलो बुवा.” साखर मात्र जागची हलेना. शेवटी मी ठरवलं, रविवारी सकाळी यांना स्कूटीवर मागं बसवायचं आणि येडशीच्या पुढं घाटावर वनखात्याचं रान आहे तिथं न्यायचं. रानात कट्टा नसतो.

तिसऱ्या की चौथ्या रविवारची गोष्ट. थंडीचे दिवस होते, गवत वाळून पिवळं झालं होतं, कुसळं मोज्यांत घुसत होती. मामा “जरा आडोशाला जाऊन येतो” म्हणून पायवाट सोडून आत गेले. मी बोरं वेचत उभी राहिले. थोड्या वेळानं हाक आली.

“सूनबाई, इकडं ये!”

मी जागची हलले नाही. “मामा, येऊ का नक्की?”

“ये, ये. ते काम झालंय. दुसरंच निघालंय हितं.”

एका पळसाच्या बुडाशी, वाळक्या पाचोळ्यात एक कवटी पडली होती. पांढरी, पावसानं धुऊन निघालेली. खालचा जबडा नव्हता. लांबीला एक वीत आणि वर थोडी. डोक्यावर मधोमध हाडाची उभी कड. पुढं एक सुळा शाबूत होता आणि दुसरा निम्म्यात मोडलेला. नाकाच्या हाडावर एका बाजूला खळगा होता, करंगळीचं टोक बसेल एवढा.

“वाघरू,” मामा म्हणाले. आमच्या भागात बिबट्याला वाघरू म्हणतात. “आणि हा खळगा बघ. गोळी लागलीय.”

मी वाकून पाहिलं. वीस वर्षं मी सस्तन प्राण्यांच्या दातांची सूत्रं फळ्यावर लिहीत आले आहे. खऱ्या जनावराचे दात समोर येतील अशी माझी कधी अपेक्षाच नव्हती.

“उचलू नका,” एवढं मी म्हटलं.

“उचलायच्या आधी पंचनामा नको का?” मामांनी खिशातून छोटी वही आणि पेन काढलं. ही वही त्यांच्या खिशात कायम असते. मग त्यांनी चष्मा पुसला आणि लिहायला सुरुवात केली. लिहिताना ते मोठ्यानं म्हणत होते, म्हणून मला ते जवळजवळ पाठ आहे.

“आज रोजी सकाळी आठ वाजण्याचे सुमारास आम्ही पंचांनी समक्ष पाहणी केली असता एका अनोळखी जनावराची कवटी बेवारस स्थितीत आढळून आली. सदर कवटीच्या चतुःसीमा पुढीलप्रमाणे. पूर्वेस दोन फांद्यांचे जुने पळसाचे झाड. पश्चिमेस पायवाट, अंतर अंदाजे वीस पावले. दक्षिणेस मुंग्यांचे वारूळ. उत्तरेस सूनबाई.”

“मामा, मी चतुःसीमा कशी होईन? मी हलणार ना!”

“मग हलू नकोस. लिहून होईस्तोवर.”

मी हलले नाही. पंच म्हणून सही केली. मग मामांनी गळ्यातलं उपरणं काढलं, त्यात कवटी गुंडाळली, आणि येडशीपासून धाराशिवपर्यंत स्कूटीवर मागं बसून ती मांडीवर धरून आणली. वाटेत प्रत्येक खड्ड्याला ते “हळू!” म्हणत होते. त्यांच्या कमरेला दणका बसतो तेव्हा ते इतकं ओरडत नाहीत.

कवटी स्वयंपाकघरात येणार नाही, हे मी दारातच सांगितलं. तिची रवानगी गच्चीवर झाली. मामांनी ती घमेल्यात कपड्याच्या साबणाच्या पाण्यात भिजत घातली, जुन्या दात घासायच्या ब्रशानं घासली, आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजातून येऊन बघते तर ती माझ्या पापड वाळवायच्या पाटावर उन्हाला बसवलेली.

“मामा, पाट!”

“मग कशावर ठेवू? खाली मुंग्या आहेत.”

संध्याकाळी आम्ही दोघं तिच्यासमोर बसलो. आता सुटका नव्हती. मामांसमोर पुस्तक उघडायचं म्हणजे हार मानणं, म्हणून मी आधी खाली जाऊन पुस्तक पाहून आले आणि कुणाला किती दाढा असतात ते आकडे तळहातावर लिहून घेतले. वर येऊन शांतपणे दात मोजायला लागले. मोजताना मूठ जरा जास्त वेळा उघडली असावी.

“मॅडम,” मामा म्हणाले, “कॉपी करताय व्हय?”

दरवर्षी परीक्षेत मुलींचे तळहात मी तपासते. त्या दिवशी त्या मुलींना काय वाटत असेल ते मला नीट कळलं. पण हिशेब बरोबर निघाला. मी म्हटलं, “हा बिबट्या नाही. मांजराच्या जातीला मागं एवढ्या दाढा नसतात. तरसालाही नसतात.”

मामांचा चेहरा पडला. “मग काय आहे?”

“कुत्र्याच्या कुळातलं काहीतरी. कुत्रा, कोल्हा नाहीतर लांडगा.”

या यादीतलं शेवटचंच त्यांना ऐकू आलं. “कोल्हा एवढा असतो?”

“नाही, कोल्ह्याची कवटी लहान असते.”

“मग लांडगा,” असं म्हणून त्यांनी वही काढली आणि ‘अनोळखी जनावर’ या शब्दांच्या पुढं लिहिलं : ‘चौकशीअंती लांडगा निष्पन्न.’ कुत्र्याचं नाव त्यांनी विचारातसुद्धा घेतलं नाही. कुत्र्याची कवटी सापडायला रानात कशाला जायला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

त्यानंतरचे आठ दिवस मामा चाळीस वर्षांचे झाले. कट्ट्यावर ते आता रोज वेळेआधी जात. लांडग्याची बातमी सगळ्यांना कळली होती. तेरच्या एका निवृत्त मास्तरांनी तेरणेच्या पात्रात लांडगा पाणी पिताना पाहिल्याची गोष्ट सांगितली, तर मामांनी वाशीकडच्या माळावर लांडग्यांनी शेळ्या नेल्याचे स्वतः केलेले पंचनामे सांगितले. घरी आल्यावर हे सगळं मला ऐकायला मिळायचं. मी पोळ्या लाटत ऐकायची. सासूबाई गेल्यापासून एवढं बोलणं आमच्या घरात झालं नव्हतं, म्हणून कुत्र्याचा मुद्दा मी पुन्हा काढला नाही. हा माझा अप्रामाणिकपणा, हे मान्य.

पण मामांना शिक्का पाहिजे होता. “कुणीतरी अधिकारी माणसानं बघायला पाहिजे,” ते म्हणाले. मी अधिकारी नाही, हे त्यात आलंच. माझा एक जुना विद्यार्थी जनावरांचा डॉक्टर होऊन तेरच्या बाजूला काम करतो. त्याला फोन केला. त्यानं या म्हटलं.

स्कूटीवर पुरावा आदळेल म्हणून आम्ही एसटीनं गेलो. कापडी पिशवीत उपरण्यात गुंडाळलेली कवटी मामांनी मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती. शेजारी बसलेल्या बाईंनी आदरानं विचारलं, “देवाचं हाय का काही?”

“न्हाय,” मामा म्हणाले. “तपासणीला चाललंय.”

बाईंनी पिशवीकडं एकदा बघितलं, मामांकडं एकदा बघितलं आणि त्या उठून मागच्या सीटवर गेल्या. मामांना तेर येईपर्यंत कळलं नाही की त्या का उठल्या. मी सांगितलं नाही.

डॉक्टरला मी प्रॅक्टिकलला काठावर पास केलेलं होतं. त्यानं ते बोलून दाखवलं नाही, पण कवटी हातात घेतल्यावर पहिला प्रश्न मलाच विचारला. “मॅडम, तुमचं काय मत?” आणि तो हसला. मी हात पाठीमागं घेतले.

त्यानं कवटी उजेडाला धरली, डोळ्यांच्या खोबणींचा कोन पाहिला, मागच्या दाढा पाहिल्या, टाळू पाहिला. “लांडगा असू शकतो,” तो म्हणाला. मामांनी माझ्याकडं बघितलं. “पण धनगरांची मोठी कुत्रीही असू शकतात. त्यांची कवटी जवळजवळ एवढीच भरते. नुसतं बघून मी छातीठोक सांगणार नाही. खात्री करायची तर वनखात्यातर्फे बाहेर पाठवावं लागेल. कुठं सापडली ही?”

“घाटावर,” मामा अभिमानानं म्हणाले. “वनखात्याच्या रानात. पंचनामा केलाय.”

डॉक्टर गंभीर झाला. “मग मामा, ही लांडग्याची असली तर जरा अवघड आहे. लांडगा कायद्यात अगदी वरच्या यादीत आहे. त्याचं हाडसुद्धा घरात ठेवता येत नाही. गुन्हा आहे तो. कुत्र्याची असली तर काही प्रश्न नाही.”

मी मामांकडं पाहिलं. ज्या माणसानं आयुष्यात सरकारी टाचणी घरी आणली नाही, त्यानं सरकारी रानातला लांडगा उपरण्यात गुंडाळून आणला होता. घरी आणून साबणानं धुतला होता. आणि हे सगळं स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलं होतं.

मामांनी कवटी डॉक्टरच्या हातातून काढून घेतली. तिच्याकडं नीट बघितलं.

“मला पहिल्यापासून कुत्र्याचाच संशय होता,” ते म्हणाले.

परतीच्या एसटीत त्यांनी पिशवी मांडीवरून काढून सीटखाली सरकवली. घरी आल्यावर चहा न घेता वही काढून बसले. मी डोकावून पाहिलं. ‘लांडगा निष्पन्न’ या ओळीखाली त्यांनी नवीन नोंद घातली होती. सातबाऱ्यावर एकाचं नाव कमी करून दुसऱ्याचं चढवतात, तसा हा फेरफार होता : ‘लांडगा कमी करून कुत्रा दाखल.’

“हे कशाच्या आधारावर?” मी विचारलं.

“तूच म्हणाली होतीस ना कुत्रा.”

“मी तीन नावं म्हणाले होते.”

“त्यातलं पहिलं कुत्रा होतं.”

“मामा, जनावर तेच आहे. तुमच्या नोंदीनं ते बदलत नाही.”

ते बराच वेळ पेनाचं टोपण लावत आणि काढत बसले. मग हळू आवाजात म्हणाले, “नेऊन परत ठेवू का गुपचूप?”

हे ऐकून मला हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं. गुपचूप हा शब्द त्यांच्या तोंडी मी पहिल्यांदा ऐकत होते. मी म्हटलं, “गुपचूप नको. रानाच्या तोंडाशी चौकी आहे, तिथल्या गार्डला देऊ. सापडली म्हणून सांगू. नकळत झालं म्हणू. तुमच्याबरोबर मी पण आहे, माझी पण सही आहे.”

“तुझी सही पंच म्हणून आहे,” मामा म्हणाले. “उचलली मी.” आणि थोडं थांबून, “पण चल बरोबर.”

पुढच्या रविवारी आम्ही गेलो. मामांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. चौकी म्हणजे पत्र्याची एक खोली आणि पुढं लिंबाचं झाड. त्याखाली गार्ड टेबल-खुर्ची टाकून बसला होता आणि त्याच्यासमोर एक धनगरीण बाई उभी राहून त्याच्याशी हुज्जत घालत होती. चार मेंढरं रानाच्या हद्दीत गेली की नाही, असा वाद होता. बाई पन्नाशीच्या, कपाळावर मोठं कुंकू, हातात काठी. खालच्या शेतात त्यांची मेंढरं बसवलेली होती. दर हिवाळ्यात त्यांचा वाडा, म्हणजे बिऱ्हाडासकट सगळा कळप, या बाजूला येतो, शेतकरी लेंडीखतासाठी मेंढरं शेतात बसवून घेतात.

मामांनी गार्डला नमस्कार केला आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. काही लपवलं नाही. साबणाचं पाणीसुद्धा सांगितलं. मग उपरणं सोडून कवटी टेबलावर ठेवली.

गार्ड कवटी फिरवून बघायला लागला तोच बाई पुढं आल्या. त्यांनी वाकून बघितलं. मोडलेल्या सुळ्यावर बोट ठेवलं, मग नाकावरच्या खळग्यावर.

“आगं बया,” त्या म्हणाल्या, “ही आमची कुत्री हाय की.”

गार्डनं कवटी हळूच टेबलावर टेकवली.

“कशावरून म्हणता, मावशी?” गार्डनं विचारलं.

“कशावरून म्हंजी? ह्यो दात म्या बघितला न्हाय व्हय मोडताना? पिल्लू हुती तवा लोखंडी पहार चावायची येडी. आन हितं,” त्यांनी खळग्यात करंगळीचं टोक ठेवलं, “हितं लांडग्यानं धरली हुती. नाकाडच धरलं. तरी तिनं कोकरू सोडलं न्हाय. महिनाभर हळद भरली म्या त्यात.”

मामांची गोळी अशी लांडग्याचा दात निघाली.

“गेली कधी ती?” मामांनी विचारलं.

“गेल्या साली न्हाय, त्याच्या आदल्या साली. म्हातारी झाली हुती. ऐकू यीना, दिसंना. एक दिस सकाळी उठून बघतो तर न्हाय. लई हुडकली. मालक म्हणलं, लांडग्यानं नेली आसंल. म्या म्हणलं, तिला कोण नेतंय. आपली आपण गेली आसंल.” बाईंनी पदरानं कवटीवरची धूळ पुसली. धूळ नव्हतीच, मामांनी ती चकचकीत धुतलेली होती. “कुठं घावली तुमास्नी?”

मामा काही बोलण्याआधी गार्ड म्हणाला, “दाखवा त्यांना. मी पण येतो.”

त्या रानात पळसाची झाडं काय थोडी आहेत? मी तर जागा विसरले होते. मामांनी वही काढली. पुढं मामा, मागं बाई, मग मी, शेवटी गार्ड. मामा एकेक सीमा वाचत आणि शोधत चालले होते. दोन फांद्यांचा पळस सापडला. तिथून पायवाट वीस पावलं, ती त्यांनी मोजून घेतली. मुंग्यांचं वारूळ सापडलं.

“आन उत्तरंला काय हाय?” बाईंनी विचारलं.

मामा घुटमळले. “उत्तरेस... सूनबाई.”

बाईंनी माझ्याकडं वळून बघितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ओठांवर हसू यायला लागलं होतं. “मंग हुबा ऱ्हावा की बाई तुमच्या जाग्याव. आमास्नी कसं कळायचं?”

मी जाऊन माझ्या जागेवर उभी राहिले.

बाई पळसाच्या बुडाशी बसल्या आणि काठीच्या टोकानं पाचोळा बाजूला करायला लागल्या. थोडा वेळ नुसताच पाचोळा निघाला. मग वारुळाच्या अंगाला काठीला काहीतरी अडकलं. त्यांनी ओढून काढलं. कुजलेल्या चामड्याचा पट्टा, त्याला बाहेरच्या बाजूनं गंजलेले अणकुचीदार खिळे. लांडग्यानं नरडं धरू नये म्हणून धनगर कुत्र्याच्या गळ्यात असा पट्टा बांधतात, हे मला तेव्हा कळलं.

मामा कमालीचे ओशाळले. “हे पंचनाम्यात आलं नाही,” ते म्हणाले.

“लिवीत बसला आसाल,” बाई म्हणाल्या. “हुडकलं नसंल.”

चाळीस वर्षांत कुठल्या साहेबानं त्यांना असं सुनावलं नसेल. मामांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. गार्डनं तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हलत होते.

कवटी बाईंनी परत तिथंच पळसाखाली ठेवली. मामांनी आणि गार्डनं दगड गोळा करून दिले, त्यांनी वर रचले. पट्टा मात्र घेतला. “खिळं चांगलं हायेत. नव्या चामड्याला ठोकू. धाकटीच्या गळ्यात हुईल,” म्हणाल्या. ही धाकटी म्हणजे त्या म्हाताऱ्या कुत्रीची नात. खाली मेंढरांपाशी तिला बांधलं होतं. गार्डनं मामांना एवढंच सांगितलं की इथून पुढं रानातलं काही उचलून नेऊ नका, दिसलं तर आम्हाला सांगा. मामा म्हणाले, “लेखी देऊ का?” तो म्हणाला, “नको हो.” मेंढरांचा वादही मग कुणी काढला नाही.

बाईंनी आम्हाला वाड्यावर नेऊन चहा पाजला. दूध मेंढीचं होतं, चहा दाट आणि जरा उग्र. मामांनी साखरेचं पथ्य आहे म्हणून सांगितलं नाही, मीही सांगितलं नाही. चहा पिताना बाईंनी विचारलं, “एवढं पंधरा दिस कुत्रीचं डोस्कं घिऊन फिरलात, ते कशापायी?”

मला वाटलं, आता मामा कायद्याचं काहीतरी सांगतील. ते बशीतल्या चहाकडं बघत म्हणाले, “दुसरं काही काम नव्हतं.” आणि मग माझ्याकडं हात करून, “हिच्याशी बोलायला इषय मिळाला.”

मी पटकन उठून धाकटीकडं गेले. ती माझ्यावर भुंकली, हे बरंच झालं. भुंकणाऱ्या कुत्र्याकडं बघताना माणसाचा चेहरा कसाही झाला तरी चालतो.

कट्ट्यावर मामांनी दुसऱ्याच दिवशी सांगून टाकलं की लांडगा नव्हता, धनगराची कुत्री होती. पण कट्ट्यानं ते मानलं नाही. लांडगाच होता आणि वनखात्यानं मामांवर दबाव आणून कुत्रा लिहून घेतला, असं तेरच्या मास्तरांनी सगळ्यांना पटवलं. मामांनी वही दाखवली तर ती खोडसाळ नोंद ठरली. घरी येऊन ते चिडून मला सगळं सांगत होते. ज्या माणसाची सही तालुक्यात कुणी नाकारली नव्हती, त्याला चार म्हातारे खोटं पाडत होते. मी म्हटलं, “मामा, मी साक्षीला येऊ का?” ते म्हणाले, “तुझी साक्ष कोण धरणार? तू घरची.”

मेंढरांचा वाडा महिन्याभरानं पुढं सरकला. मामांनी बाईंच्या मुलाचा मोबाइल नंबर घेऊन ठेवला होता, हे मला उशिरा कळलं. अधूनमधून त्यांचं फोनवर बोलणं चालायचं : मेंढरं कुठं बसवली, चारा कसा आहे, धाकटी कशी आहे. मी लक्ष दिलं नव्हतं.

परवा सकाळी मी डबा भरत होते, कॉलेजला उशीर होत होता. मामा दारात येऊन उभे राहिले.

“मॅडम, एक शंका होती. तुमच्या विषयातली.”

“बोला.”

“कुत्री किती दिवसांनी विते?”

या वेळी मला पुस्तक लागलं नाही. “त्रेसष्ट दिवस,” मी झटकन सांगितलं. “एखाददोन दिवस इकडंतिकडं.” आणि स्वतःवर खूष होऊन डब्याचं झाकण लावलं.

“अस्सं,” म्हणून ते बाहेरच्या खोलीत गेले. मी चपला घालायला आले तेव्हा ते भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटत बोटांनी दिवस मोजत होते. एका तारखेशी थांबून त्यांनी पेन काढलं आणि तिच्याभोवती नीट गोल केला, शेजारी बारीक अक्षरात ‘धाकटी’ लिहिलं.

“मामा, हे काय?”

“काही न्हाय. तुला उशीर होतोय, जा तू.”